ठेवणीतले कपडे कुणासाठी?

गेल्या उन्हाळ्यात पंचाहत्तरीचे एक आजोबा सुनेसोबत माझ्या दवाखान्यात आले. जांघेतला नायटा चार महिन्यांपासून बरा होत नव्हता. औषधाने उतार पडे आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस मी औषधाआधी कपड्यांची चौकशी केली. वापरात दोनच चड्ड्या होत्या, त्याही तीन वर्षांपूर्वीच्या. इलॅस्टिक सैल पडल्याने वरून नाडी बांधलेली. सून संकोचून म्हणाली, "डॉक्टर, दिवाळीला आणलेले सहा नग पेटीत तसेच आहेत." त्यावर आजोबा म्हणाले, "आता किती दिवस राहिलेत माझे? कशाला उगाच नव्याची घडी मोडायची?"

वाचकहो, हे वाक्य मुरुड परिसरातील कितीतरी घरांत मी ऐकले आहे. ज्यांनी १९७२चा दुष्काळ भर तारुण्यात सोसला, त्यांना धडुत्याची किंमत कुणी शिकवावी? जुन्या लुगड्याची गोधडी करणारी ही काटकसर आदरणीयच आहे. परंतु अंगाला चिकटून राहणाऱ्या कपड्यांना हा हिशेब लागू करता येत नाही.

उतारवयात त्वचा पातळ व कोरडी होते आणि जखम भरण्यास वेळ लागतो. सोबत मधुमेह असेल तर बुरशीला आयतेच आमंत्रण मिळते. नायट्याची बुरशी त्वचेच्या झडलेल्या कणांसोबत कपड्यांच्या शिवणीत व घड्यांत महिनोन्महिने जिवंत राहू शकते. मलम लावायचे आणि पुन्हा तेच कपडे नीट न धुता घालायचे, म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तर खाज दाबते आणि रोग पसरवते.

घर्षणाचाही विचार करावा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली, वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट धोतर नेसल्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ साली वर्ध्याच्या डॉक्टरांनी सत्तर वर्षांच्या एका महिलेची अशीच हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तिच्या कमरेवरील व्रण दीड वर्ष भरला नव्हता, आणि कारण होते परकराच्या नाडीचा काच. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, घाबरून जाऊ नये. मात्र नाडीखाली काळा डाग, खाज वा न भरणारी जखम असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी. नाडी रुंद असावी, सैल बांधावी आणि तिची जागा अधूनमधून बदलावी.

मग कपडे किती दिवसांनी बदलावेत? यासाठी शास्त्राने ठरवून दिलेली तारीख नाही. मी माझ्या रुग्णांना सोपा नेम सांगतो. गुढीपाडवा आणि दिवाळी, या दोन सणांच्या साफसफाईत घरातील ज्येष्ठांचे अंतर्वस्त्र, मोजे, टॉवेल व रात्रीचे कपडे एकदा उजेडात धरून पाहावेत. इलॅस्टिक सैल पडले, कापड विरले वा खरखरीत झाले, धुऊनही वास वा डाग राहिला, तर तो कपडा बाद करावा. रोजच्या वापरातील चड्डी-बनियन साधारण वर्षभरात या अवस्थेला येतात; जोड कमी असतील तर त्याहून लवकर. म्हणून निदान पाच-सहा जोड हाताशी असावेत. पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, तेव्हा हेच जोड उपयोगी पडतात. दमट कपडा कधीही अंगात घालू नये. पायात येणारी विजार, लोंबणारा परकर आणि झिजून गुळगुळीत झालेले मोजे पडण्यास कारणीभूत होतात. त्यांचीही याच वेळी पाहणी व्हावी.

धुण्याविषयी थोडे. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही आणि साबणाचा अंश कापडात राहून ते ताठर होते. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. टंचाईत एका पाण्यात कपडे काढण्याची सवय लागते. परंतु अंतर्वस्त्रे तरी दोनदा खळबळून घ्यावीत. घरात नायटा असेल तर त्या व्यक्तीचे कपडे वेगळे, हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवून धुवावेत आणि उलटे करून कडक उन्हात वाळवावेत.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना एक विशेष विनंती. आई किंवा वडील आपले कपडे अचानक स्वतःच धुऊ लागले, लपवू लागले, तर त्यामागे लाज असू शकते. लघवी ठिपकत असेल तर ते "वयाचेच" म्हणून सोडू नये. त्यावर बहुधा उपाय असतो. मासिक पाळी बंद झालेल्या स्त्रीच्या कपड्यावर रक्ताचा लहानसा डाग दिसला, किंवा कुणाच्याही लघवीतून रक्त गेले, तर विलंब न करता तपासणी करावी. हे विचारताना चारचौघांत विचारू नये. जुने कपडेही न सांगता फेकू नयेत. नवे आणून धुऊन मऊ करावेत, जुन्यांच्या जागी ठेवावेत, आणि विल्हेवाट त्यांच्याच संमतीने लावावी.

त्या आजोबांना मी म्हटले, "किती दिवस राहिलेत ते मलाही ठाऊक नाही. पण जे आहेत ते खाजवण्यात का घालवायचे?" घरी जाऊन त्यांनी पेटी उघडली. औषध पूर्ण घेतले, कपडे बदलले, आणि पुढच्या भेटीत जांघ स्वच्छ होती. आपल्याही पेटीत घडी न मोडलेले काही असेल, तर ते आजच बाहेर काढावे.