‘उंदराचं औषध’ म्हणणारा वस्ताद आता स्वतःच माइकसमोर; जुन्या संघावर बोलणं इतकं अवघड का?

कुस्तीच्या फडाशेजारी एक म्हातारा वस्ताद बसलेला असतो. अंगात आता ताकद नाही, पण नजर तीच. आपल्या तालमीचा पठ्ठा मातीत उतरला की याच्या तोंडून आपसूक निघतं, "अरे, पट काढ की!" पठ्ठा जिंकला तर वस्तादाची छाती फुगते. हरला तर लोक पठ्ठ्याकडे नाही, वस्तादाकडे बघतात. आता म्हातारा काय बोलतो?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गेल्या काही मोसमांपासून नेमकं हेच चाललंय. फक्त तिथला फड एक लाख लोकांचा आहे आणि वस्ताद बोलतो तो थेट टीव्हीवर. त्यांचं नाव निक सेबन.

कोण आहेत हे सेबन?

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात, फेकतात आणि समोरचे खेळाडू पळणाऱ्याला धरून खाली पाडतात. मैदान १०० यार्डांचं. १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. शेवटच्या पट्ट्यात चेंडू पोहोचवला की सहा गुण.

हा खेळ तिथली विद्यापीठंही खेळतात आणि त्याचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतकंच. अलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघच नाही. त्यामुळे लोकांचा सगळा जीव विद्यापीठाच्या संघात. संघाचं गाव टस्कलूसा. लोकसंख्या साधारण १ लाख आणि तिथल्या स्टेडियममध्ये बसायची सोयही १ लाखाहून जास्त. म्हणजे सामन्याच्या दिवशी एक गाव घरात आणि दुसरं गाव मैदानात.

सेबन २००७ ते २०२३ असे १७ मोसम या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. या काळात संघाने २०० हून जास्त सामने जिंकले आणि हरले फक्त २९. राष्ट्रीय विजेतेपदं सहा: २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२०. त्याआधी २००३ मध्ये लुईझियाना स्टेट विद्यापीठासोबत एक. एकूण सात. शेवटच्या काळात त्यांचा वर्षाचा पगार १ कोटी १० लाख डॉलरच्या वर होता.

१० जानेवारी २०२४ ला त्यांनी निवृत्ती घेतली. महिन्याभरातच ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने त्यांना घेतल्याचं जाहीर झालं. ‘कॉलेज गेमडे’ हा तिचा कार्यक्रम दर शनिवारी सकाळी वेगवेगळ्या विद्यापीठाच्या आवारातून होतो. तिथे बसून सेबन आता इतरांच्या खेळावर बोलतात आणि आपल्या जुन्या संघावरसुद्धा.

पेट्रोल पंपावरचा पोरगा

सेबन मोठ्या घरातून आलेले नाहीत. जन्म १९५१ चा, वेस्ट व्हर्जिनिया या कोळसा खाणींच्या राज्यातला. वडिलांचा पेट्रोल पंप होता आणि खाणकामगारांच्या पोरांचा एक फुटबॉल संघही ते चालवायचे. छोटा निक पंपावर गाड्या धुवायचा. गाडीवर पाण्याचा एक जरी ओघळ राहिला तरी वडील अख्खी गाडी परत धुवायला लावायचे. गडद रंगाच्या गाडीवर ओघळ लगेच दिसतो, म्हणून तशी गाडी आली की पोरगा वैतागायचा.

शाळेत एकदा गुण कमी पडले. वडिलांनी मारलं नाही. खाणीत खोल खाली नेऊन दाखवलं, की अभ्यास नाही केलास तर आयुष्य इथं काढावं लागेल.

पुढे प्रशिक्षक झाल्यावर सेबन यांनी हाच नियम संघाला लावला. गुणफलकाकडे बघू नका, हातातलं काम नीट करा. ३० गुणांनी पुढे असतानाही एखाद्याने ढिलाई केली की ते मैदानाच्या कडेला आरडाओरडा करायचे.

‘उंदराचं औषध’ म्हणजे काय?

ऑक्टोबर २०१७. अलाबामाने टेक्सास ए अँड एम संघाला २७-१९ असं हरवलं. सामना जिंकूनही सेबन भडकलेले होते. पत्रकारांना त्यांनी सुनावलं, की तुम्ही आमच्या पोरांबद्दल जे गोडगोड लिहिता ते उंदराच्या औषधासारखं विष आहे.

शेतकऱ्याला ही उपमा वेगळी सांगायला नको. उंदराचं औषध कडू ठेवून चालत नाही. ते पिठात, गोडात कालवून ठेवावं लागतं. उंदीर आवडीने खातो आणि मग मरतो. सेबन यांचं म्हणणं तेच होतं. टीकेने संघ मरत नाही, कौतुकाने मरतो. ‘तुम्हीच एक नंबर’ असं रोज ऐकलेला खेळाडू सरावाला पाच मिनिटं उशिरा येतो आणि तिथून घसरण सुरू होते.

हा शब्द तिथे इतका गाजला की आजही त्या खेळात कुणी जास्त कौतुक केलं की लोक म्हणतात, हे उंदराचं औषध. गंमत अशी, की जे औषध वाटणाऱ्यांवर सेबन चिडायचे, त्याच रांगेत आता ते स्वतः बसले आहेत.

एक वाक्य आणि वँडरबिल्टचा सामना

सेबन यांच्या जागी आले केलेन डीबोर. माणूस साधा नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संघाला त्यांनी त्याच मोसमात राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं.

सुरुवात झकास झाली. ७ सप्टेंबर २०२४ ला टस्कलूसाच्या मैदानाला सेबन यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे नवा प्रशिक्षक ज्या गवतावर उभा राहणार, त्यावर जुन्याचं नाव. २८ सप्टेंबरला अलाबामाने देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या जॉर्जियाला ४१-३४ असं हरवलं. रायन विल्यम्स या १७ वर्षांच्या पोराने शेवटी शेवटी ७५ यार्डांची धाव पूर्ण केली. सगळ्या देशात त्याचंच नाव. अलाबामा एक नंबरवर गेली.

पुढचा सामना होता नॅशव्हिलला, वँडरबिल्ट विद्यापीठाशी. अभ्यासात मोठं विद्यापीठ, पण फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं मार खाणारं. पहिल्या पाच क्रमांकांतल्या संघांशी ते तोवर ६० सामने खेळले होते आणि साठच्या साठ हरले होते. सप्टेंबरमध्येच एका कार्यक्रमात सेबन बोलता बोलता म्हणून गेले होते, की आपल्या गटात सोपं मैदान असेल तर ते वँडरबिल्टचं, तिथे त्यांच्यापेक्षा पाहुण्या संघाचेच प्रेक्षक जास्त असतात.

५ ऑक्टोबर २०२४. वँडरबिल्ट ४०, अलाबामा ३५.

१९८४ नंतर पहिल्यांदाच वँडरबिल्टने अलाबामाला हरवलं. प्रेक्षक मैदानात घुसले, गोलचे खांब उपटले, खांद्यावर घेऊन शहरातून मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत टाकले. मैदानात घुसल्याबद्दल विद्यापीठाला १ लाख डॉलर दंड झाला, पण त्या रात्री त्याचं कुणाला काय! सेबन यांचं ते जुनं वाक्य मात्र मोबाइलवरून सगळीकडे फिरलं.

त्यांचं वाक्य खोटं नव्हतं. आकडेवारी त्यांच्याच बाजूची होती. पण प्रशिक्षक असते तर हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नसतं. खुर्चीत असताना त्यांनी दुबळ्यातल्या दुबळ्या संघालाही ‘सोपा’ म्हटलं नसतं. टीव्हीवर मात्र मोकळं बोलायचेच पैसे मिळतात. खुर्ची बदलली की जीभही बदलते.

जुन्या संघावर बोलताना अडचण कुठे येते?

पहिली अडचण सावलीची. मैदानाला नाव त्यांचं, स्टेडियममध्ये त्यांचं ऑफिस अजून आहे. अशा माणसाने ‘संघात शिस्त दिसत नाही’ एवढं जरी म्हटलं, तरी लोक त्याचा अर्थ ‘आमच्या वेळी होती’ असाच काढतात. कौतुक केलं तर ‘आपल्याच पोरांचं करणारच’ आणि गप्प बसले तर ‘काहीतरी बिनसलंय’.

दुसरी अडचण चेल्यांची. सेबन यांच्या हाताखाली तयार झालेले लोक आता ठिकठिकाणी प्रशिक्षक आहेत. जॉर्जियाला २०२१ आणि २०२२ चं विजेतेपद मिळवून देणारे कर्बी स्मार्ट त्यांचेच सहायक. इंडियानाचे कर्ट सिग्नेटी २००७ मध्ये सेबन अलाबामात आले तेव्हाच्या पहिल्या चमूतले. १ जानेवारी २०२६ ला रोझ बोल सामन्यात याच सिग्नेटींच्या इंडियानाने अलाबामाला ३८-३ असं धुतलं आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही नेलं. एका बाजूला जुनी तालीम, दुसऱ्या बाजूला जुना पठ्ठा. वस्तादाने टाळी कुणासाठी वाजवायची?

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, ती म्हणजे खेळच बदलला. २०२१ पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. दुसऱ्या विद्यापीठात जाणंही सोपं झालंय. निवृत्तीनंतर सेबन यांनी सांगितलं, की शेवटच्या काळात बहुतेक खेळाडू दोनच प्रश्न विचारायचे: मला खेळवणार का आणि पैसे किती देणार? मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनला सिनेटर टेड क्रूझ यांनी बोलावलेल्या बैठकीत ते म्हणाले, की ५० वर्षं ज्या गोष्टींवर आपला विश्वास होता त्या आता कॉलेजच्या खेळात उरलेल्या नाहीत.

यावर दुसरी बाजूही आहे. प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर मिळत होते तेव्हा ज्यांच्या हाडांवर हा खेळ उभा होता त्या पोरांना शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं. मग पोराने पैसे मागितले तर चुकलं कुठं? सेबनसुद्धा खेळाडूंना पैसे मिळण्याच्या विरोधात नाहीत. नियम सगळ्यांना सारखे असावेत, असं त्यांचं म्हणणं आहे.

नव्या प्रशिक्षकाचं काय?

डीबोर यांच्या पहिल्या मोसमात संघ ९ सामने जिंकला, ४ हरला. इतर कुठल्याही गावात याला बरं म्हटलं असतं. टस्कलूसात तो दुष्काळ ठरला. ३० ऑगस्ट २०२५ ला दुसऱ्या मोसमाचा पहिलाच सामना फ्लोरिडा स्टेटकडून ३१-१७ असा गेला. हा संघ आदल्या वर्षी १२ पैकी फक्त २ सामने जिंकला होता. मग काय, ‘हाकला याला’ सुरू. महिन्याभरात याच डीबोर यांच्या संघाने जॉर्जियाला त्यांच्याच मैदानात २४-२१ असं हरवलं, आठवड्याने वँडरबिल्टचाही हिशेब ३०-१४ असा चुकता केला आणि मोसमाअखेर राष्ट्रीय बाद फेरीत जागा मिळवली.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. २००७ मध्ये सेबन यांचा अलाबामातला पहिला मोसम कसा गेला होता? ७ विजय, ६ पराभव. लुईझियाना-मनरो या छोट्या विद्यापीठाकडूनही घरच्या मैदानावर २१-१४ असा पराभव. तेव्हा घाई केली असती तर पुढची सहा विजेतेपदं आलीच नसती.

अलाबामाला सावलीचा अनुभव आधीचाही आहे. बेअर ब्रायंट या प्रशिक्षकाने १९५८ ते १९८२ या काळात सहा विजेतेपदं दिली. शेवटच्या सामन्यानंतर महिन्याभरात, जानेवारी १९८३ मध्ये, ते वारले. जुन्या संघावर बोलायची वेळच त्यांच्यावर आली नाही. तरी सेबन येईपर्यंतच्या २४ वर्षांत एकामागून एक प्रशिक्षक आले, प्रत्येकाला त्यांच्याच मापाने मोजलं गेलं आणि विजेतेपद आलं ते एकच, १९९२ चं. गेलेल्या माणसाची सावली एवढी लांब, तर दर शनिवारी टीव्हीवर दिसणाऱ्या माणसाची किती असेल?

आपण यातून काय घ्यायचं?

आपल्याकडेही हे चित्र नवं नाही. रवी शास्त्री २०१७ ते २०२१ भारतीय क्रिकेट संघाचे प्रशिक्षक होते आणि आता पुन्हा समालोचन करतात. गावात निवृत्त मुख्याध्यापक शाळेबद्दल बोलतात, माजी सरपंच ग्रामपंचायतीबद्दल. त्यांचं ऐकावं, कारण आतली कळ त्यांना ठाऊक असते. पण ऐकताना तीन गोष्टी बघाव्यात.

एक, माणूस काम सांगतोय की आठवणी? ‘डाव्या बाजूचा बचाव उशिरा सरकतोय’ हे काम झालं. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ ही आठवण झाली.

दोन, त्याच्या वेळची परिस्थिती आणि आजची सारखी आहे का? नियम, पैसा, माणसं बदलली असतील तर जुनं माप जसंच्या तसं लागू होत नाही.

तीन, तो चूक दाखवतो तेव्हा सुधारायची वाटही सांगतो का? पेट्रोल पंपावरच्या वडिलांनी गाडीवरचा ओघळ दाखवला होता, पण परत धुवायला फडकंही हातात दिलं होतं.

आणि कौतुक जास्त व्हायला लागलं, मग ते कुणाच्याही तोंडून असो, तर सेबन यांचाच जुना शब्द आठवावा. उंदराचं औषध गोडच असतं.