गोळीचे गोत्र

पावसाळ्यात अंगणात, पायवाटेवर संथपणे चालणाऱ्या बहुपाद प्राण्याला आपल्याकडे कुठे ‘वाणी’ म्हणतात, तर कुठे ‘पैसा’. डिवचला की तो नाण्यासारखे चपटे वेटोळे करून पडतो, म्हणून पैसा. त्याचा एक भाऊबंद दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत, दमट जंगलातल्या कुजक्या पानांखाली राहतो. तो वेटोळे करत नाही. त्याची चक्क गोटी होते. आर्थ्रोस्फेरा हे त्याच्या प्रजातीचे नाव. (‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि तिच्या पोटात अनेक ‘जाती’, या अर्थाने मी हे शब्द वापरतो आहे.) ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. आय. पोकॉक यांनी १८९५ मध्ये ही प्रजाती स्थापन केली.

कर्नाटकातल्या घाटात मी अशी एक गोटी तळहातावर घेतली होती. मोठ्या बोराएवढी, तुळतुळीत. कुठे फट दिसते का म्हणून फिरवून फिरवून पाहिले, दिसली नाही. त्या बंदोबस्ताचे गणित साधे आहे. डोक्यामागे एक छोटी पट्टी, तिच्यामागे एक रुंद ढाल, मग दहा ढाली आणि शेवटी घुमटासारखी गुदढाल, अशा एकूण तेरा. रुंद ढालीच्या कडेला खाच असते. अंग मिटले की मधल्या ढालींची टोके त्या खाचेत बसतात आणि गुदढाल झाकणासारखी वर येते. डोके, शृंगिका, पाय सगळे आत. इतर अनेक सहस्रपादांच्या कुशीत उग्र द्रव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. याला त्या नाहीत. याची सारी भिस्त या बंद दारावर.

पण गोटी होते म्हणून कुणी याचा सगा ठरत नाही. कुंडीखाली सापडणारा, गोळी होणारा एक किडा असतो. त्याला पायांच्या सात जोड्या असतात आणि तो कवचधारी वर्गातला, म्हणजे खेकड्याच्या नात्यातला आहे. युरोपातल्या जंगलात ग्लोमेरिडा गणाचे लहान गोळी-सहस्रपाद आहेत. ते याचे दूरचे नातलग खरे, पण गण वेगळा. आर्थ्रोस्फेरा मोडतो स्फेरोथेरिडा गणात. गोल होणे ही युक्ती आहे, कुळाची खूण नव्हे.

मग खूण कुठे शोधायची? पायांत. मादीला चालण्याच्या पायांच्या एकवीस जोड्या असतात. नराला त्याशिवाय आणखी दोन, सर्वांत मागे. त्या चालण्यासाठी नसून मीलनाच्या वेळी मादीला धरण्यासाठी असतात. त्यांना टेलोपॉड म्हणतात. त्यांच्या सांध्यांची ठेवण, चिमट्याचा आकार, कडेचे दाते यांवरून जाती वेगळ्या करता येतात. पुढच्या टेलोपॉडवर बारीक कंगोऱ्यांची एक रांग असते. अभ्यासक तिला ‘हार्प’ म्हणतात. नर ती गुदढालीच्या कडेवर घासून आवाज काढतो. मिटून बसलेल्या मादीने अंग उघडावे म्हणून ही साद असावी, असे मानले जाते. दार न ठोठावता आत जाण्याची सोय निसर्गाने येथे ठेवलेली नाही.

या हार्पनेच नात्याचा धागा समुद्रापलीकडे नेला. मादागास्करमध्ये स्फेरोमिमस नावाची प्रजाती आहे. १९०२ मध्ये सोस्यूर आणि झेन्टनर यांनी ती स्थापन केली. तिच्या नरांचा हार्प आपल्या आर्थ्रोस्फेराच्या हार्पशी मिळताजुळता आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही असेच दिसले, की स्फेरोमिमस हा मादागास्करमधल्या इतर गोळी-सहस्रपादांपेक्षा भारतातल्या आर्थ्रोस्फेराला अधिक जवळचा आहे. पानांखालून वीतभर सरकणारा हा प्राणी समुद्र ओलांडून गेला असेल, असे मानणे कठीण. भारत आणि मादागास्कर यांचे भूखंड सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. जमीन दुभंगली, भावकी दोन्हीकडे राहिली, असा याचा अर्थ लावता येतो.

आता अडचणीची गोष्ट. आर्थ्रोस्फेराच्या तीसहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. कार्ल आटेम्स यांनी १९३६ मध्ये भारतातल्या सहस्रपादांवर मोठा ग्रंथ लिहिला, तरी जुन्या वर्णनांचा भर बराचसा रंगावर आणि ढालींच्या पृष्ठभागावर आहे. रंग फसवा असतो. नाव पक्के करायचे तर प्रौढ नर हवा, त्याचे टेलोपॉड सूक्ष्मदर्शकाखाली हवेत. शिवाय हे प्राणी दूर पांगत नाहीत. एखाद्या जातीचे सारे जग म्हणजे एखादा डोंगर असू शकतो. मंगळूर विद्यापीठातल्या संशोधकांनी आर्थ्रोस्फेरा मॅग्ना ही जाती बागायतीतल्या पाल्याचे खत कसे करते, याचा अभ्यास केला आहे. म्हणजे जंगलात माती घडवणारे हे हात आहेत.

तो डोंगर उघडा झाला, पाचोळा जळाला, तर ज्या जातीचा नर कुणी नीट तपासलाच नाही तिच्याविषयी आपल्याकडे काय उरेल? ढाली काळ्या, कडा पिवळसर, एवढी एक ओळ. तिचे गोत्र सांगणारे पाय त्या ओळीत नसतील.