संगणकाचा कूलर

आपल्या वर्धा जिल्ह्यात होळी आटोपली, की घरोघरी कूलर बाहेर निघतात. त्यांच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवतात, पंप तपासतात. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. नवतपात तर कूलरशिवाय दुपार काढणे कठीण होते. पण विद्यार्थी मित्रांनो, संगणकाच्या पेटीतही एक कूलर असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? सुटे भाग आणून घरीच संगणक जोडणाऱ्याला तो स्वतः निवडावा आणि बसवावा लागतो.

नाव एकच असले, तरी या दोन कूलरांचे काम निराळे आहे. खिडकीतला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो. माठातले पाणीही याच कारणाने थंड होते. संगणकातला कूलर हवा थंड करत नाही. तो प्रोसेसरमधली उष्णता उचलतो आणि हवेच्या स्वाधीन करतो. तो उष्णतेचा हमाल आहे.

म्हणूनच खोलीच्या तापमानाला महत्त्व आहे. समजा, डिसेंबरमध्ये खोली २५ अंशांवर आहे आणि काम करताना प्रोसेसर ६५ अंशांवर जातो. फरक झाला ४० अंशांचा. मे महिन्यात तीच खोली ४२ अंशांवर गेली, तर त्याच कामाला प्रोसेसर सुमारे ८२ अंशांवर जाईल. पुष्कळ प्रोसेसर ९५ ते १०० अंशांजवळ पोहोचले, की स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतात. उष्णता त्याहूनही वाढली, तर संगणक आपोआप बंद होतो. मग साठवून न ठेवलेला मजकूर हातचा जातो. तेव्हा कूलर निवडताना डिसेंबर नव्हे, मे महिना डोळ्यांपुढे ठेवावा.

मोठ्या कूलरचा तळ धातूचा असतो. त्यातून तांब्याच्या नळ्या वर जातात. नळ्यांवर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकावर एक बसवलेले असतात आणि बाजूला पंखा असतो. या नळ्यांत मोठी गंमत आहे. त्या दोन्ही टोकांना बंद असतात. आतली हवा काढून थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते लवकर उकळते. तळाशी वाफ होते, ती पत्र्यांजवळ जाऊन उष्णता देते आणि तिचे पुन्हा पाणी होते. दिव्याची वात जसे तेल ओढते, तसा नळीच्या आतला सच्छिद्र थर ते पाणी तळाशी ओढून आणतो. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी तयार केली. पुढे ती अंतराळातही वापरली गेली.

कूलर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रोसेसर किती वॅटचा आहे? ६५ वॅटच्या प्रोसेसरला बहुधा लहान कूलर पुरतो. १२५ वॅटच्या प्रोसेसरला मात्र मोठा कूलर घ्यावा. उगाच मोठा घेणे म्हणजे पैशांची नासाडी. दुसरी, प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्याला जुळणारे स्क्रू व पट्ट्या कूलरसोबत आहेत का? तिसरी, पेटीत जागा आहे का? ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीने २०१४ मध्ये आणलेला एनएच-डी१५ हा कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे. दोन पंख्यांसह त्याचे वजन १,३२० ग्रॅम भरते. असा कूलर अरुंद पेटीत ठेवला, तर पेटीचे झाकणच लागणार नाही. म्हणून आधी मोजावे, मग विकत घ्यावे.

आता बसवण्याची रीत पाहू. प्रथम विजेचा प्लग काढावा. पेटीच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. कूलरच्या तळाला प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवलेली असते. ती आठवणीने काढावी. प्रोसेसरवर लहान वाटाण्याएवढी पेस्ट ठेवावी. दोन धातूंच्या मधल्या बारीक फटींत हवा राहते आणि हवा उष्णतेची मंद वाहक आहे. पेस्ट त्या फटी भरून काढते. नंतर कूलर सरळ खाली ठेवून दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी आवळली, तर कूलर तिरपा बसतो. पंख्याची तार 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी जोडावी. हवा पेटीच्या पुढून यावी आणि मागून जावी, अशा दिशेने पंखा असावा.

'हवा' हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे. संगणकालाही तीच हवी असते! पेटी भिंतीला टेकवू नये, कपाटात कोंडू नये. मागे निदान एक वीत जागा सोडावी. आपला जिल्हा कापसाचा आहे. हिंगणघाटसारख्या गावात जिनिंगजवळ राहणाऱ्यांच्या घरात धुळीबरोबर कापसाचे तंतूही येतात. ते पत्र्यांत अडकले, की हवेची वाट बंद होते. म्हणून संगणक बंद करून अधूनमधून मऊ ब्रशने ते काढावेत. असा जड कूलर लावलेला संगणक एसटीने न्यायचा असेल, तर पेटी आडवी ठेवावी, म्हणजे कूलर उभा राहतो आणि धक्क्यांनी सॉकेटवर ताण येत नाही.

खिडकीतला कूलर खोली थंड करून संगणकालाही मदत करतो. मात्र त्याचे तुषार पेटीवर उडता कामा नयेत. त्यात पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा आणि अर्थिंग नीट आहे याची मोठ्यांकडून खात्री करून घ्यावी. दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. संगणक पुन्हा घेता येतो, जीव पुन्हा मिळत नाही.

स्वाध्याय
१. खिडकीतला कूलर आणि संगणकातला कूलर यांच्या कामात कोणता फरक आहे?
२. तळ आणि प्रोसेसर यांच्यामध्ये पेस्ट का लावतात?
३. खोलीचे तापमान ३८ अंश असेल, तर पाठातील प्रोसेसर किती अंशांवर जाईल?