झडप तयार आहे, पण रस्ताच कडक झालाय!

ज्यांच्याकडे आत्ता इअरफोन नाहीत त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड, लिहून.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण आजोबांचा सीटी स्कॅनचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर आला आणि काका म्हणाले, "तू इंजिनिअर ना, बघ काय लिहिलंय!" आजोबा 81 वर्षांचे. एक मजला चढले की दम लागतो, एकदा बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडलेत. रिपोर्टमधल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी एऑर्टिक झडप कॅल्शियम साचून खूप अरुंद झालीय. आणि पायांकडे जाणाऱ्या दोन्ही धमन्यांतही भरपूर कॅल्शियम आहे.

पहिलीचा उपाय म्हणजे टावी. छाती न उघडता, जांघेतल्या धमनीतून नळी घालायची, घडी केलेली नवी झडप वर न्यायची आणि जुन्या झडपेच्या आत उघडायची. गंमत बघा, जुनी झडप काढतच नाहीत. तिच्यावरचं कॅल्शियमच नवीला घट्ट धरून ठेवतं. म्हणजे झडपेत कॅल्शियम हवं, वाटेत नको! (झडपेतही ते ओबडधोबड असलं तर कडेने रक्त गळतं, तो वेगळा ताप.)

वाटेचा प्रश्न साधा आहे, मापाचा. नळीचं माप 'फ्रेंच'मध्ये मोजतात, 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. सुरुवातीच्या नळ्या 24 फ्रेंचच्या होत्या, म्हणजे 8 मिलिमीटर. आता 14 फ्रेंचच्याही मिळतात, पावणेपाचच्या आसपास. निरोगी धमनी थोडी ताणून नळीला जागा देते. पण कॅल्शियमचं कडं गोल फिरलेलं असेल तर ती ताणत नाही, फाटते. आणि तिथे फाटली तर रक्तस्राव जिवावर बेततो.

आता हे ऐका. माणसावरची पहिली टावी 16 एप्रिल 2002 ला फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलाँ क्रिबिए यांनी केली. पेशंट 57 वर्षांचा, शॉकमध्ये गेलेला, आणि त्याच्याही पायांच्या धमन्या खराब! मग क्रिबिए शिरेतून गेले. उजव्या कप्प्यात पोचले, मधल्या पडद्याला भोक पाडून डावीकडे आले आणि तिथून झडपेपर्यंत. पेशंट पुढे चारेक महिन्यांनी दुसऱ्या आजारांनी गेला, पण झडप नीट चालत होती. म्हणजे 'रस्ता बंद' हा एरर या तंत्राच्या पहिल्याच रनला आला होता.

आज पर्याय जास्त आहेत. खांद्याजवळची किंवा मानेतली धमनी वापरतात. काही ठिकाणी पोटातल्या मोठ्या शिरेतून शेजारच्या महाधमनीत शिरतात. मला सगळ्यात भारी वाटलं ते लिथोट्रिप्सी. हो, मुतखडा फोडतात तीच कल्पना. धमनीत एक फुगा नेऊन कमी दाबाने फुगवतात. त्याच्या आत बारीक ठिणग्या पडतात, त्यातून दाबाच्या लहरी निघतात. मऊ भागातून त्या पार होतात, कडक कॅल्शियमला तडे जातात. कॅल्शियम तिथेच राहतं, पण कडं मोडल्यामुळे धमनी पुन्हा थोडी ताणते आणि नळी सरकते.

हे सगळं ठरतं सीटीवर, जो छातीपासून जांघेपर्यंत काढतात. घरात कुणाची टावी ठरत असेल तर डॉक्टरांना थेट विचारा: कुठल्या बाजूने जाणार, आणि तिथून जमलं नाही तर दुसरी वाट कोणती?

आणि हो, आत्याने आजोबांचं दूध बंद केलं होतं, "कॅल्शियम वाढलंय ना!" म्हणून. तसं नसतं हो. हा थर वय, कोलेस्टेरॉल, तंबाखू, डायबेटिस, किडनीचे आजार यांच्याशी जोडलेला आहे, सकाळच्या कपभर दुधाशी नाही. गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दूध परत सुरू झालंय.

आमचं ठरलंय ते असं: डावी बाजू त्यातल्या त्यात बरी आहे, तिथे आधी लिथोट्रिप्सी, नाहीच जमलं तर खांद्याजवळून. तारीख पुढचा मंगळवार. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "जुनी झडप डबीत घालून देतील का रे घरी न्यायला?"

"काढतच नाहीत, आजोबा."

"मग एवढं बिल कशाचं?"