कवितेच्या जागी चौकोन

गेल्या वर्षी आम्ही मित्रांनी एक सोय केली. वाचकाने चार कविता निवडायच्या, लगेच त्यांची पीडीएफ प्रत तयार! काम माझ्या भाचीने अंगावर घेतले. पहिली प्रत मागवली आमच्या दिवंगत मित्राच्या पत्नीने. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "भावोजी, यांच्या कविता दिसतच नाहीत. नुसते चौकोन आहेत."

खरेच होते. ओळींची लांबी तीच, अक्षर एकही नाही. भाचीच्या संगणकावर मात्र सारे झकास दिसत होते!

"मामू, चूक माझी," ती म्हणाली आणि समजावू लागली.

देवनागरी छापणे सोपे नाही. 'कविता'तली वेलांटी संगणक 'व'नंतर साठवतो, पण काढायची असते 'व'च्या आधी. पीडीएफ करणारी साधी साधने इथे चुकतात. वेलांटी 'त'पाशी जाऊन बसते. ब्राउझरला ही मांडणी नीट जमते. म्हणून त्यालाच कामाला लावायचे, पण खिडकी न उघडता. क्रोममध्ये २०१७पासून ही सोय आहे. पडदा नाही, माऊस नाही. पान आतल्या आत मांडले जाते.

हा ब्राउझर चालवायला स्वतःचा सर्व्हर लागत नाही. मुशायऱ्यापुरता हॉल भाड्याने घ्यावा तसे कंपनीचे यंत्र काही सेकंद घ्यायचे आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे. ॲमेझॉनने २०१४ साली जाहीर केलेली 'लॅम्बडा' ही अशीच सेवा. तिथे एक काम जास्तीत जास्त १५ मिनिटे चालते. झिप करून पाठवलेले सामान उलगडल्यावर २५० मेगाबाइटच्या आत बसावे लागते. म्हणून ब्राउझरही आटोपशीर करूनच न्यावा लागतो.

अशा हॉलमध्ये सतरंजी आपलीच न्यावी लागते. भाचीने ब्राउझर नेला, देवनागरी फाँट न्यायचा राहिला. फाँट नसला की ब्राउझर अडत नाही. चौकोन काढतो आणि काम फत्ते झाल्याचे कळवतो. या चौकोनांना संगणकवाले 'टोफू' म्हणतात. ते दिसू नयेत म्हणून गुगलने केलेल्या फाँटचे नावच 'नोटो', म्हणजे 'नो टोफू'. त्यातला देवनागरी फाँट मोफत मिळतो आणि एक मेगाबाइटही जागा घेत नाही. भाचीने तो सामानात घातला. कविता परतल्या.

आता दर बदलानंतर भाची तिथूनच एक प्रत काढते आणि मला पाठवते. यंत्र 'झाले' म्हणते. पण 'दिसले' म्हणायला माणूसच लागतो. दुरुस्त केलेली पहिली प्रत मी स्वतः वहिनींकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली.