भूस्थित लेसर स्कॅनिंगद्वारे वृक्षांचे घनफळ व जैववस्तुमान यांचे अनुमान

प्रस्तावना :
वृक्ष हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्यातील कार्बन लाकडात साठवतात. त्यामुळे वनांतील कार्बनसाठ्याचा हिशेब वृक्षांच्या शुष्क वजनावर, म्हणजेच जैववस्तुमानावर अवलंबून असतो. मात्र उभ्या वृक्षाचे वजन करता येत नाही. त्यासाठी तो तोडावा लागतो. ज्याचे रक्षण करावयाचे तेच मोजणीसाठी नष्ट करावे लागणे, ही या अभ्यासातील मूलभूत अडचण होय.

पारंपरिक पद्धती :
काही निवडक वृक्ष तोडून त्यांच्या खोडाचा व्यास, उंची व वजन यांतील संबंध समीकरणाने मांडला जातो. पुढे इतर वृक्षांचा व्यास मोजून तेच समीकरण वापरतात. ही पद्धत सोपी व अल्पखर्चिक आहे. परंतु प्रचंड वृक्ष तोडून तोलणे कष्टाचे असल्याने समीकरणांच्या आधारसामग्रीत त्यांचे प्रमाण अल्प असते. वास्तविक वनातील कार्बनचा मोठा वाटा अशाच वृक्षांत असतो.

लेसर स्कॅनिंगची कार्यपद्धती :
तिपाईवर बसविलेला स्कॅनर सभोवार लेसर किरणांचे स्पंद सोडतो. ते खोड व फांद्यांवरून परावर्तित होऊन येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. एका ठिकाणाहून वृक्षाची मागील बाजू दिसत नसल्याने अनेक ठिकाणांहून स्कॅन घेऊन ते परस्परांशी जुळवतात. त्यातून मिळालेल्या लक्षावधी बिंदूंच्या त्रिमितीय समूहातून प्रत्येक वृक्ष वेगळा करून त्यावर संगणकाद्वारे लहान लहान दंडगोल बसविले जातात. या दंडगोलांच्या घनफळांची बेरीज म्हणजे वृक्षाचे घनफळ होय. त्यास लाकडाच्या घनतेने गुणले असता जैववस्तुमान मिळते. उदा., घनफळ २ घनमीटर व घनता दर घनमीटरला ६०० किलोग्रॅम असल्यास जैववस्तुमान १२०० किलोग्रॅम येते. त्यातील कार्बनचे प्रमाण ०.४७ धरल्यास ५६४ किलोग्रॅम कार्बन होतो.

पडताळणी :
ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात निलगिरी वर्गातील ६५ वृक्ष प्रथम स्कॅन करून नंतर तोडून तोलण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्कॅनिंगचे अनुमान प्रत्यक्ष वजनापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी अधिक, तर समीकरणांचे सुमारे ३० ते ३७ टक्क्यांनी कमी आढळले. अशी तूट राहिल्यास वन नष्ट झाल्यावर होणाऱ्या कार्बनहानीचाही अंदाज कमीच येणार, हे उघड आहे.

मर्यादा :
पाने व शेजारील वृक्ष किरणांच्या आड येतात. वाऱ्याने फांद्या हलल्यास बिंदू विखुरतात आणि बारीक फांद्या प्रत्यक्षाहून जाड भासतात. लेसर केवळ पृष्ठभाग टिपतो. खोडातील पोकळी व जमिनीखालील मुळे त्यास दिसत नाहीत. शिवाय लाकडाची घनता स्वतंत्रपणे ठरवावी लागते. ती प्रजातीनुसार, तसेच एकाच वृक्षाच्या निरनिराळ्या भागांत बदलते.

निष्कर्ष :
प्रत्येक वृक्षाचे स्कॅनिंग करणे व्यवहार्य नाही. तथापि निवडक क्षेत्रांतील मोठे वृक्ष स्कॅन करून प्रचलित समीकरणे तपासता व सुधारता येतात. वृक्ष उभा ठेवूनच त्याच्या वजनाचे विश्वसनीय अनुमान करता येणे, हेच या तंत्राचे खरे महत्त्व होय.