हैद्राबादेत पोहावयाचे कोठे?

वसईच्या बावखलात पोहावयास शिकलेली आपली मुले नोकरीनिमित्त हैद्राबादेस गेली, की पाण्याला पारखी होतात. शहराच्या मधोमध कुतुबशाही काळातला हुसेनसागर आहे खरा. परंतु त्यात सांडपाणी मिसळते, तो काठावरूनच पाहावा. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या चाळिशीच्या माणसास सांध्यांवर भार न पडणारा व्यायाम हवा असेल, तर त्याने तरणतलाव शोधावा, असे आम्ही म्हणू.

प्रथम लांबी विचारावी. हॉटेलांतले वळणदार हौद डुंबण्यापुरते ठीक. चार हात मारले की भिंत येते! सलग पोहावयाचे तर २५ मीटर तरी सरळ पाणी हवे. गच्चीबावलीच्या क्रीडासंकुलात ५० मीटरांचा तलाव आहे. २००३ साली आफ्रो-आशियाई खेळ हैद्राबादेतच झाले होते. अशा तलावाच्या २० लांब्या म्हणजे १ किलोमीटर. मात्र तो सर्वांस केव्हा खुला असतो, याची आधी चौकशी करावी.

औषधाचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः घाम व मूत्र क्लोरीनशी मिसळले, की तो वास सुटतो. तळाच्या रेषा काठावरून स्पष्ट दिसतात काय, हे पाहावे. जीवरक्षक आहे काय, स्त्रियांची वेळ निराळी आहे काय, हेही विचारावे.

उन्हाळ्याच्या सुटीत तलाव मुलांनी गजबजतात, प्रौढांस सरळ रेषेत पोहणे अशक्य होते. म्हणून ज्या वेळी आपण पोहणार, त्याच वेळी जाऊन गर्दी पाहावी आणि आरंभी महिन्याचीच वर्गणी भरावी.